आमचे बेने-इस्राएल शेजारी

गेल्या पावसाळ्यांत पवित्र शास्त्राच्या तासाला एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें, "सर, यहूदी लोक आतां कोठें असतात?" प्रश्न साधा, परंतु आम्ही मनांत खजील झालों. वीस वर्षें आम्ही मोशे, दावीद व संदेष्टे शिकवीत आलों. आणि तें राष्ट्र जणूं प्रेषितांच्या कृत्यांबरोबरच संपलें, अशा थाटानें पुस्तक मिटीत आलों. 'परूशी' हा शब्द तर आम्हीं कित्येकदां ढोंगी मनुष्यास दूषण म्हणूनच वापरला! आणि त्याच लोकांची एक शाखा येथें कोंकणांत, शेंकडों वर्षें मराठी बोलत राहिली आहे.

बेने-इस्राएल म्हणजे इस्राएलाचीं मुलें. त्यांची परंपरा सांगते कीं, त्यांच्या पूर्वजांचें तारूं अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. धर्मग्रंथ समुद्रांत गेले, कालांतरानें हिब्रू भाषाही विसरली. उरलें तें थोडें: सुंता, शब्बाथ, कांहीं सण आणि 'शमा' ही प्रार्थना. तेलाचा घाणा ते शनिवारीं बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. गरीब तेल्यास दर आठवड्यास एका दिवसाची कमाई सोडणें सोपें नव्हे. (परीक्षा जवळ आली कीं उपासना चुकविणाऱ्या आमच्या घरांची येथें सहज आठवण होते.) आडनांवें पाहावीं तर किहीमकर, पेणकर, रोहेकर, सारीं आपल्याच गांवांचीं.

मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान १७९६ सालीं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं बांधिलें. पुढें मिशनरी आले. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं त्यांच्यासाठीं मराठींतून हिब्रू व्याकरण छापिलें. मिशनऱ्यांची अपेक्षा उघड होती. बेने-इस्राएलांनीं मात्र विद्या घेतली व धर्म आपलाच राखिला. त्याच विद्येच्या बळावर जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनीं प्रार्थनाग्रंथ मराठींत आणिले, आणि १८७५ सालीं समाजाची स्वतःची शाळा निघाली. यांत आम्हांस आमच्या मिशनचा पराभव वाटत नाहीं.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुतेक कुटुंबें तिकडे गेलीं. तेथें कांहीं धर्मगुरूंनीं विवाहाच्या बाबतींत त्यांच्या यहूदीपणाचीच शंका काढिली! ज्यांनीं ग्रंथावांचून शब्बाथ पाळला, त्यांस हें किती झोंबलें असेल? त्यांनीं चळवळ केली, आणि १९६४ सालीं तेथील संसदेनें त्यांस सर्व बाबतींत यहूदी म्हणून मान्य केलें. भारतांत आतां हा समाज थोड्या हजारांवर आला आहे.

दिवाळीच्या सुटींत आम्ही कोंकणांतील एका सभास्थानांत गेलों. किल्ली सांभाळणाऱ्या वृद्ध गृहस्थांनीं पश्चिमेकडील, म्हणजे यरुशलेमच्या दिशेची, पवित्र पेटी दाखविली. "मास्तर, दहा पुरुष जमले तर तोरा बाहेर काढतों," ते म्हणाले. "न जमले तर दिवा लावून बसतों." मग त्यांच्या पत्नीनें एलिया संदेष्ट्याच्या नांवें केलेला मलिदा पुढें ठेविला: गोड पोहे, ओलें खोबरें, वेलची, वर फळें.

निघतांना त्यांनीं विचारलें, "तुमच्या मुलांस दावीदाचीं स्तोत्रें येतात का?" आम्ही होय म्हटलें. तेव्हां त्यांनीं तेविसावें स्तोत्र हिब्रूंत म्हणावयास आरंभ केला, आणि आम्ही तेंच मराठींत त्यांच्यामागून म्हटलें.