पेरणी केव्हा करावी?

मुलांनो, मृगाचा पहिला पाऊस पडला की शेतकऱ्याला पेरणीची घाई होते. पण पहिल्या सरींनी जमिनीचा फक्त वरचा थर भिजतो. बी उगवते; मग पाऊस दडी मारतो आणि कोवळी रोपे वाळून जातात. दुबार पेरणी करावी लागते. बियाण्याचा खर्च दुप्पट होतो, कर्ज वाढते.

यावर उपाय काय? महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. तेथील शास्त्रज्ञ जमीन, पाऊस व पिके यांचा अभ्यास करतात. कोरडवाहू शेतकऱ्यांना कृषी विद्यापीठांचा सल्ला असतो, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये.

पण किती पाऊस झाला, हे कसे कळणार? त्यासाठी ठिकठिकाणी पर्जन्यमापके बसवलेली आहेत. त्यांवरील नोंदी सरकार सर्वांसाठी जाहीर करते. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी!

सल्ला आणि आकडे दोन्ही शेतकऱ्यापर्यंत पोहोचले, तरच त्यांचा उपयोग. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी शेती करीत असेल, तर पावसाचे आकडे त्यांना वाचून दाखवा. त्यांची एक पेरणी वाचू शकेल.