वन्य प्राण्यांना अन्नदान : श्रद्धा आणि कायदा

गोग्रास व काकबळी या आपल्या घरच्या जुन्या रीती. पंचमहायज्ञांत भूतयज्ञाला स्थान असल्याने मुक्या जिवाला घास घालणे पुण्यप्रद, हा संस्कार भाविकांच्या मनात दृढ आहे. त्याच भावनेने मारेगाव परिसरात येणारे काही यात्रेकरू वाटेत गाडी थांबवून वानरांना केळी व पोळ्या, तर रोही व हरणांना धान्य टाकतात. हेतू निर्मळ असतो. तथापि गोठ्यातली गाय आणि रानातले रोही यांना एकच न्याय लावता येत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये रानातील प्राण्यांना ‘खाऊ घालू नये’ अशा थेट शब्दांचे कलम शोधू गेल्यास सापडत नाही. परंतु कलम २ मधील शिकारीच्या व्याख्येत फासे लावण्याबरोबर आमिष दाखवणेही येते. भाविकाचा घास अर्थातच शिकार नव्हे. मात्र त्या घासाला सरावलेला प्राणी शिकाऱ्याच्या आमिषालाही सहज भुलतो. अभयारण्यात प्राण्यांना त्रास देणे व कचरा टाकणे कलम २७ अन्वये निषिद्ध आहे. शेजारच्या केळापूर तालुक्यातील टिपेश्वर अभयारण्यास भेट देणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. २०२२ च्या दुरुस्तीने अधिनियमातील सर्वसाधारण गुन्ह्याच्या दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून १ लाख रुपये झाली आहे.

चितळ, सांबर, रोही हे रवंथ करणारे प्राणी होत. त्यांचे पोट पाला व गवत हळूहळू पचवण्यासाठी घडलेले असते. एकदम पोटभर धान्य मिळाले, की आम्ल वाढून प्राणी दगावूही शकतो. प्रसादाबरोबर प्लास्टिकची पिशवी पोटात गेली, तर ती बाहेर पडत नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांनी हरणांना खाऊ घालण्यास बंदी केली आहे. एका ठिकाणी गर्दी झाली की त्यांच्यात मेंदूचा जीवघेणा रोग पसरतो, हे त्यामागचे मोठे कारण.

आपल्या भागात आणखी एक भय आहे. जिथे रोही व डुकरे जमतात, तिथे मागोमाग वाघ येतो. पांढरकवडा-राळेगाव भागात १३ माणसांच्या मृत्यूशी जिचे नाव जोडले गेले, ती टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. त्या काळात शेतावर जाणाऱ्या माणसांनी काय सोसले, हे येथील गावांना सांगावे लागत नाही. रस्त्याकडेला रोज धान्य पडू लागले, तर वाघाची वाटही रस्त्याकडे वळेल.

उन्हाळ्यात जंगलातील पाणवठे भरण्याचे काम वनविभाग करतो. जखमी वा संकटातील वन्य प्राणी आढळल्यास भाविकांनी जवळ न जाता वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे, आणि सोबतचा नैवेद्य वाटेत न उघडता मंदिरातच अर्पण करावा.