खिडकी किती तासांची ठेवायची? – आपली शिफ्ट, आपलं जेवण



गेल्या काही बैठकांत बचतीचा हिशोब संपला की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, ते सोळा तास उपाशी राहायचं आपण केलं तर चालतं का?" कुणी मोबाईलवर पाहिलेलं असतं, कुणाच्या जावेचं वजन कमी झालेलं असतं. म्हणून या महिन्याचा आरोग्य-पाठ याच विषयावर.

हे आहे तरी काय?

दिवसातले ठरावीक तासच खायचं आणि बाकीचे तास पोटाला सुट्टी द्यायची, एवढीच ही पद्धत. खाण्याच्या तासांना 'खिडकी' म्हणतात. आपल्याला हे नवीन नाही. चातुर्मासातलं एकभुक्त, जैन मैत्रिणींचा चौविहार, रमजानचा रोजा, सगळ्यांत वेळेचं बंधन आहेच. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धतही महाराष्ट्रात घरोघरी पोचली. खरी भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं आणि रोज ४५ मिनिटं चालायचं, असं ते सांगतात.

पण घड्याळात जादू नाही. २०२२ मध्ये चीनमधल्या १३९ लठ्ठ लोकांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांनी आहार सारखाच कमी केला. एका गटाने मात्र सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत खाल्लं. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनात फारसा फरक नव्हता. म्हणजे किती आणि काय खातो, हे महत्त्वाचं. वेळ फक्त शिस्त लावायला मदत करते.

आपला प्रश्न वेगळा आहे

आपल्यातल्या कितीतरी जणी ठरवून नाही, तर नाइलाजाने उपाशी राहतात. पहाटे उठून सगळ्यांचे डबे करायचे, स्वतः चहावर कामाला जायचं, रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे दोघींत एकीपेक्षा जास्त. म्हणून आपला नियम असा: रात्रीचं खाणं लवकर संपवा, पण घास कमी करू नका.

शिफ्टप्रमाणे कसं बसवायचं?

सुरुवात १२ तासांच्या सुट्टीपासून करा. दोन-तीन आठवडे बरं वाटलं तर १३, फार तर १४. अंगमेहनतीचं काम असेल तर सोळाच्या मागे लागू नका.

*पहिली शिफ्ट (सकाळी ७ ते ३):* पहाटे घास उतरत नाही. मग डब्याचे दोन भाग करा. नऊच्या चहाच्या सुट्टीत भाकरी-भाजी, घरी आल्यावर साडेतीनला पोटभर जेवण, रात्री आठच्या आत वरण-भात किंवा खिचडी.

*जनरल (९ ते साडेपाच):* आठला भाकरी खाऊनच निघा, एकला डबा, रात्री आठपर्यंत जेवण.

*दुसरी शिफ्ट (३ ते ११):* सकाळी नऊला न्याहारी, दीडला जेवण, सातच्या सुट्टीत डबा. रात्री घरी आल्यावर ताट वाढून घेऊ नका. भूक असेलच तर कपभर दूध.

सुट्टी तुमच्या हक्काची आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यानेच सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. ती डब्यासाठीच वापरा.

तीन गोष्टी लक्षात ठेवा

१. साखरेचा चहा म्हणजे खाणंच. दिवसभर पाच कप झाले तर खिडकी उघडीच राहिली. जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातलं लोह नीट मिळत नाही, एक तास जाऊ द्या.

२. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, शेंगदाण्याची चटणी, अंडं किंवा दही यातलं काहीतरी हवंच. वर लिंबू पिळा.

३. एकादशीला नुसत्या साबुदाण्यावर राहू नका. भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, ताक घ्या. त्या दिवशी खिडकीचा वेगळा हट्ट नको.

कुणी करू नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या ताई, १८ वर्षांखालच्या मुली, रक्त किंवा वजन कमी असलेल्या, पित्ताचा किंवा अल्सरचा त्रास असलेल्या. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ अजिबात बदलू नका. गोळी घेतली आणि जेवण लांबलं तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आली तर काम थांबवा, मशीनपासून बाजूला व्हा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि नंतर जेवा. बेशुद्ध बाईच्या तोंडात काहीही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या.

पुढच्या बैठकीसाठी

आठवडाभर वहीत दोनच वेळा लिहा: दिवसाचा पहिला घास आणि शेवटचा घास. शेजारी चहाचे कप मांडा. बैठकीत प्रत्येकीने आपलं पान वाचायचं. आशाताईंना बोलावून रक्त आणि साखर तपासणीची तारीखही त्याच दिवशी ठरवू. तपासणी आधी, खिडकी नंतर.

आणि ताईंनो, आज रात्री सगळ्यांसोबतच पानावर बसा. शेवटी उरलेलं नको.

– तुमची क्षेत्र समन्वयक