अक्षौहिणी म्हणजे किती सैन्य?

कीर्तनात व प्रवचनात ‘अठरा अक्षौहिणी सैन्य’ हे शब्द भाविकांच्या कानी वारंवार पडतात. त्या वेळी मनात उभी राहते ती केवळ अफाट सेना. तिच्या मोजदादीचा विचार सहसा कोणी करीत नाही. नैमिषारण्यातील ऋषींनी मात्र तो केला होता. अक्षौहिणीत रथ, हत्ती, घोडे व पायदळ नेमके किती, असे त्यांनी सूतपुत्र उग्रश्रव्यास विचारले. त्याने दिलेले उत्तर आदिपर्वात आहे.

या गणनेचा प्रारंभ ‘पत्ती’ या लहानशा तुकडीपासून होतो. १ रथ, १ हत्ती, ३ घोडे व ५ पायदळ सैनिक मिळून एक पत्ती. पुढे प्रत्येक पायरी तिपटीची : तीन पत्तींचे सेनामुख, तीन सेनामुखांचा गुल्म, आणि याच क्रमाने गण, वाहिनी, पृतना, चमू व अनीकिनी. शेवटची पायरी तेवढी दहापटीची आहे. दहा अनीकिनी म्हणजे एक अक्षौहिणी. तिच्यात २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ येते. एकूण गणती २,१८,७००. सारथी, माहूत व सेवक यांचा वेगळा आकडा या हिशेबात नाही.

यातील काही शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. खेळाडूंच्या संघाला आपण ‘चमू’ म्हणतो. ८१ रथांच्या ‘वाहिनी’चे नाव तर दूरचित्रवाणीने घेतले! शब्दांचा असा सैल वापर आजचाच आहे, असेही नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात दुर्योधन पांडवांच्या सात अक्षौहिणी सेनेला ‘चमू’च म्हणतो. हिशेबाने एका चमूत केवळ ७२९ रथ असतात.

‘अक्ष’ म्हणजे रथाच्या चाकाचा आस, आणि त्यावरून रथ. ‘ऊहिनी’ म्हणजे समूह. नेहमीच्या संधिनियमाने अ आणि ऊ मिळून ‘ओ’ व्हावयास हवा. परंतु या शब्दात ‘औ’ होतो, असे कात्यायनाने पाणिनीच्या सूत्रावरील वार्तिकात स्पष्ट केले आहे. म्हणून ‘अक्षोहिणी’ असे लिहू नये.

उद्योगपर्वात राजे आपापली सैन्ये घेऊन येतात. सात्यकी, चेदिराज धृष्टकेतू व मगधाचा जयत्सेन हे प्रत्येकी एक अक्षौहिणी घेऊन धर्मराजाकडे आले. लहान नदी सागरात दिसेनाशी व्हावी, तशी सात्यकीची सेना तेथे मिसळून गेली, असे व्यासांनी म्हटले आहे. मद्रराज शल्य हा नकुल-सहदेवांचा मामा. तोही एक अक्षौहिणी घेऊन पांडवांकडेच निघाला होता. वाटेत दुर्योधनाने गुप्तपणे त्याचा आदरसत्कार केला, आणि संतुष्ट झालेला शल्य वचनात अडकला. एवढ्याने पारडे फिरले. शल्य भाच्यांकडे पोहोचता, तर सेना आठ विरुद्ध दहा असत्या. झाल्या त्या सात विरुद्ध अकरा.

अठरा अक्षौहिणींची बेरीज ३९,३६,६०० होते. युद्धानंतर स्त्रीपर्वात धृतराष्ट्राने मृतांची संख्या विचारली असता युधिष्ठिर मात्र १६६ कोटी २० हजार असा आकडा सांगतो. या दोन आकड्यांचा मेळ घालण्यासाठी फार खटपट करू नये, असे आम्हांस वाटते. पहिला आकडा सेनेची रचना शिकविणाऱ्याचा आहे. दुसरा, रणांगणात आप्तांची प्रेते पाहून आलेल्या माणसाचा. ‘अक्षौहिणी’ या शब्दालाही असेच दोन अर्थ लाभले आहेत : एक काटेकोर माप आणि एक न मोजता येणारी विपुलता. श्रीमद्भागवतात जरासंध तेवीस अक्षौहिणींसह मथुरेला वेढा घालतो, तेथे श्रोत्यांच्या मनात हा दुसराच अर्थ उमटतो.

अठराव्या दिवसानंतरच्या रात्री अश्वत्थामा मरणोन्मुख दुर्योधनाजवळ येतो व उरलेल्या वीरांची गणती सांगतो. पांडवांकडे सात : पाच भाऊ, श्रीकृष्ण व सात्यकी. कौरवांकडे तीन : तो स्वतः, कृप व कृतवर्मा. ही गणती दहाची होते. एका पत्तीची होते तितकीच.