जुना कॉम्प्रेसर : ओळख आणि दुरुस्ती

गिरगाव किंवा दादर भागात रस्ता फोडण्याचे काम चालू असताना, चाकांवर उभे असलेले आणि मोठा आवाज करणारे यंत्र तुम्ही पाहिले असेल. त्यातून निघणारी जाड रबरी नळी कामगाराच्या हातातील ब्रेकरला दाबाखालची हवा पुरवते. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर तो हाच. असा एखादा जुना संच हाती आला, तर तो ओळखावा कसा आणि चालू करण्यापूर्वी काय पाहावे?

ओळख

इंजिन आणि कॉम्प्रेसर या दोन्हींत सिलिंडर व दट्ट्या असल्यामुळे प्रथम घोटाळा होतो. इंजिनाकडे इंधनाची नळी जाते आणि त्यातून धूर बाहेर पडतो. कॉम्प्रेसरला एका बाजूस हवेची गाळणी असते, तर दुसऱ्या बाजूने टाकीकडे नळी जाते. त्याच्या झडपा बहुधा पोलादाच्या पातळ चकत्यांच्या किंवा पट्ट्यांच्या असून हवेच्या दाबातील फरकानेच त्या उघडतात व मिटतात.

एक सिलिंडर मोठे, दुसरे लहान आणि त्यांच्यामध्ये पंख असलेली नळी दिसली, तर यंत्र दोन टप्प्यांचे समजावे. हे टप्पे कशासाठी? ३० अंश सेल्सिअसची हवा एकदम आठपट दाबाला नेली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर गणिताने तिचे तापमान सुमारे २७५ अंश होते. मध्ये हवा थंड करून दोन टप्प्यांत दाबल्यास ते सुमारे १३५ अंशांवर राहते. तापमान फार वाढले तर तेल करपते आणि झडपांवर काजळी धरते.

नंतर पाटी शोधावी. इंगरसोल-रँड ही कंपनी १९२१ पासून भारतात आहे. पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ ची. पाटीवरील क्रमांक, फेरे व दाब वहीत उतरून घ्यावेत. पाटी खरवडू नये, तिच्यावर रंगही लावू नये.

खरा धोका टाकीत

मुंबईच्या पावसाळी हवेत, ३० अंशांना व ८० टक्के आर्द्रतेला, एका घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. अशी ८ घनमीटर हवा दाबून १ घनमीटर केली आणि ती पुन्हा ३० अंशांपर्यंत निवली, की जवळजवळ १६० ग्रॅम पाणी वेगळे होते. ते टाकीच्या तळाशी साचते. तळाची तोटी रोज उघडली नसेल, तर पत्रा आतून गंजत जातो आणि बाहेरचा रंग मात्र चकचकीत राहतो!

म्हणून टाकीची चाचणी हवेने नव्हे, पाण्याने करतात. २०० लिटरच्या टाकीत मापकावर ७ वातावरणे दाब असेल, तर टाकी फुटताच त्या हवेतून एक लाख जूलहून अधिक ऊर्जा सुटू शकते. एक टन वजन दहा मीटर उचलण्याइतकी ही ऊर्जा! पाणी मात्र फारच थोडे दबते. दीडपट दाबाला नेलेल्या तेवढ्याच पाण्यात शंभर जूलही साठत नाहीत. टाकी कमकुवत असली तर ती गळेल, पण तुकडे उडणार नाहीत. ही चाचणी अधिकृत तपासनिसाकडूनच करून घ्यावी.

दुरुस्तीचा क्रम

टाकी चाचणीत उतरली, तरच पुढे जावे. झडपांवरील काजळी काढावी, जुने तेल बदलावे, दट्ट्या हाताने फिरवून अडकत नाही ना ते पाहावे. सुरक्षा-झडप व दाबमापक तपासलेलेच बसवावेत. पट्ट्यावर जाळीचे आवरण हवे. पहिल्या वेळी यंत्र टाकीचे तोंड उघडे ठेवून चालवावे. टाकी झिजलेली निघाली, तर तिला ठिगळ लावू नये, ती बदलावी. इंजिन बिघडले तर यंत्र बंद पडते. टाकी बिघडली तर जीव जातो.

करून पाहा : सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या वीस वेळा जोराने खाली ढकला. पंपाचा खालचा भाग का तापतो? केवळ घर्षणाने की आणखी कशाने? पंपाचे तोंड उघडे ठेवून तेवढ्याच वेळा दट्ट्या ढकला आणि उत्तर ठरवा.