याकोबाच्या विहिरीवर प्रभूनें पाणी मागितलें

(वाचावयाचा भाग : योहान ४ : १–४२)

या धड्याचा भाग आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. शोमरोनी स्त्रीवर उपदेश ऐकला नाहीं असा मनुष्य आपल्या मंडळ्यांत क्वचितच सांपडेल. बहुतेक उपदेशक जिवंत पाण्याच्या वचनापर्यंत घाईनें जातात. तें वचन थोर आहेच. पण संभाषणाचा आरंभ त्यानें झालेला नाहीं. आरंभ झाला तो प्रभूच्या तहानेपासून. त्यानें अगोदर कांहीं दिलें नाहीं, त्यानें मागितलें. आज आम्हीं वाचकांस याच एका गोष्टीजवळ थोडा वेळ थांबवूं इच्छितों.

प्रभु यहूदीया सोडून गालीलाकडे निघाला होता व त्याची वाट शोमरोनांतून गेली. दुपारची वेळ होती, तो चालून थकला होता, आणि शिष्य अन्न विकत घेण्यास सूखार गांवांत गेले होते. तो याकोबाच्या विहिरीपाशीं बसला. ही विहीर नाब्लुस शहराजवळ आजही दाखवितात. तिची खोली १०० फुटांहून अधिक आहे. जवळ दोर नाहीं, पोहरा नाहीं. अशा विहिरीच्या कांठीं बसलेल्याच्या हातीं पाणी येण्यास दुसऱ्या कोणाची तरी कृपा लागते. तेवढ्यांत एक स्त्री पाणी भरण्यास आली, आणि प्रभूनें तिच्यापाशीं प्यावयास मागितलें.

ती चकित झाली, व तसें होण्यास कारणही होतें. इ. स. पूर्वीं ७२२ च्या सुमारास अश्शूरी राजानें शोमरोन घेतलें व तेथें परके लोक आणून वसविले (२ राजे १७). शोमरोनी हे त्या मिसळीचे वंशज, असें यहूदी समजत. पुढें ख्रिस्तापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहूद्यांचा प्रमुख याजक योहान हुर्कान यानें गरिज्जीम डोंगरावरील शोमरोनी मंदिर पाडलें. शोमरोनीही कांहीं कमी नव्हते. एकदां त्यांच्या एका गांवानें प्रभूस उतरूं दिलें नाहीं, हें लूक सांगतो (९ : ५१–५६). योहान येथें लिहितो कीं, या दोन लोकांत संबंध नव्हता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कित्येक पंडित असा करितात कीं, ते एकमेकांचीं भांडीं वापरीत नसत. आपल्या खेड्यांतील म्हाताऱ्या माणसांस हा अर्थ समजावण्यास पंडित नको. प्रभूजवळ पोहरा नव्हता. म्हणजे तिच्याच घागरीचें पाणी, तिच्याच हातून. वरून ओंजळींत ओत, अशी अटही त्यानें घातली नाहीं.

आतां पुण्यांतील एक गोष्ट ऐका. त्या शहरांत गुरुवार पेठेंत पंचहौद मिशन आहे. १८९० सालीं डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव यांनीं शहरांतील पुढारी मंडळीस तेथें व्याख्यानासाठीं जमविलें. व्याख्यान संपल्यावर चहा व बिस्किटें पुढें आलीं. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक हेही त्यांत होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता ओठांस लावला, कोणी तसाच खालीं ठेविला. गोपाळरावांनीं सर्वांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं, आणि मग जें वादळ उठलें तें दोन वर्षें शमलें नाहीं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानडे यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. एवढे विद्वान लोक, आणि एका पेल्यापुढें त्यांची ही गत!

आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट हंसून सांगतों. आम्हींही पुष्कळ वेळां तशीच सांगितली आहे. पण आतां आम्हांस तसें हंसूं येत नाहीं, त्याचें कारण सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एका लहान मंडळीच्या भेटीस गेलों होतों. उपासना चांगली झाली. सर्वांनीं एकाच पेल्यांतून प्रभुभोजन घेतलें. बाहेर आलों तों एक विधवा बाई, त्याच मंडळीची सभासद, दारापाशीं उभी राहून म्हणाली, “पाळकसाहेब, माझ्या घरीं घोटभर चहा घ्या.” तिचें कुटुंब मूळचें निराळ्या वाड्यांतलें. आमच्याबरोबरच्या एका वडील माणसानें हळूच आमची बाही ओढली व म्हटलें, “तेथें नको, इकडे सर्व तयार आहे.” आम्हीं इकडे गेलों. उशीर झाला आहे, असें मनाला सांगितलें. पण परत येतांना गाडींत आठवलें कीं, एवढा उशीर झाला असूनही इकडचा चहा आम्हीं दोनदां घेतला होता.

त्या बाईस आम्हीं कांहीं दिलें नव्हतें असें नाहीं. तिच्या मुलाच्या शाळेच्या पुस्तकांची सोय मंडळीनें केली होती. देतांना आपला हात वर असतो व घेणाऱ्याचा खालीं, म्हणून देणें आपणांस जड जात नाहीं. तिच्या हातचें घेणें मात्र जड गेलें. १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यांत आपल्या घरचा हौद अस्पृश्य गणलेल्या लोकांस मोकळा केला. ते मिशनच्या शाळेंत शिकले होते, पण ख्रिस्ती झाले नाहींत. ही गोष्ट आम्हांस पंचहौदाच्या चहाहून अधिक बोंचते.

त्या स्त्रीविषयींही थोडें बोललें पाहिजे. तिला पांच नवरे होऊन गेले, एवढें ऐकतांच आपण तिला बदफैली ठरवितों. ते मेले कीं त्यांनीं तिला टाकिलें, हें शुभवर्तमान सांगत नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांत सूटपत्र देणें पुरुषाच्या हातीं होतें (अनुवाद २४ : १). आतां जवळ असलेला पुरुष तिचा नवरा नव्हे, हें प्रभूनें स्पष्ट सांगितलें. परंतु तें पाणी मागितल्यानंतर, अगोदर नव्हे. पंडिता रमाबाईंच्या मनास हा अध्याय फार लागला. त्या १८८२ सालीं विधवा झाल्या, त्याच वर्षीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. लंडनांत फुलहम येथें समाजानें झिडकारलेल्या स्त्रियांस सांभाळणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचें काम त्यांनीं पाहिलें, व हें कां करितां, असें विचारिलें. तेव्हां एका भगिनीनें त्यांस योहानाचा हाच चौथा अध्याय वाचून दाखविला. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें केडगांवीं मुक्तिसदनांत तशाच स्त्रियांकरितां त्यांनीं कृपासदन काढिलें.

प्रभु तें पाणी प्याला कीं नाहीं, हें योहानानें लिहिलें नाहीं. स्त्री घागर तेथेंच ठेवून गांवांत गेली, आणि लोक तिच्यामागून आले. त्यांनीं प्रभूस राहण्याची विनंती केली व तो तेथें दोन दिवस राहिला. दोन दिवसांत जेवणें किती झालीं असतील! भाकरी कोणी भाजली, पाणी कोणी वाढलें? प्रभु एका स्त्रीशीं बोलतो याचेंच ज्यांना आश्चर्य वाटलें होतें, ते शिष्यही त्याच घरांत, त्याच भांड्यांतून जेवले असतील. उपदेशक बंधूंनीं ३९ ते ४२ हीं वचनें मंडळीकडून मोठ्यानें वाचून घ्यावीं, आणि हे दोन दिवस आपल्या गांवांत कोणाकोणाच्या घरीं गेले असते, हें विचारावें.

येत्या महिन्यांत त्या मंडळीस पुन्हां जाण्याचा आमचा बेत आहे. निरोप या वेळीं अगोदर त्या बाईच्या घरीं धाडिला आहे.