आधी विचारा, मग मोडा : आजारपणाचा खर्च आणि घराचा हिशेब

आईच्या छातीत कळ आली ती रात्री आठला. साडेनऊला तिच्या पाटल्या सोनाराच्या काट्यावर होत्या. ओळखीचा माणूस, जेवणावरून उठून त्याने दुकान उघडलं. हॉस्पिटलने ५०,००० रुपये अनामत मागितली होती आणि घरात तेवढे नव्हते. तिसऱ्या दिवशी, अँजिओप्लास्टी होऊन गेल्यावर, औषधं आणायला जिना उतरताना खाली कोपऱ्यात एक टेबल दिसलं. वर पाटी होती : आरोग्यमित्र. ते हॉस्पिटल सरकारी योजनेत होतं, आमचं रेशन कार्ड चालणारं होतं, आईचा उपचारही यादीत होता.

“पहिल्या दिवशी आला असता तर पैसे भरावे लागले नसते,” टेबलामागचा मुलगा म्हणाला. “आता भरलेले परत मिळत नाहीत.”

त्याच वर्षी दादाच्या किडन्या निकामी झाल्या आणि पावसाळ्यात धाकट्या भाचीला डेंग्यू झाला. सात माणसांचं आमचं घर. माणसं कुठेच कमी पडली नाहीत. पैसा कमी पडला. मागे वळून बघताना कळतं की त्यातला बराच पैसा आजाराने नेला नाही, आमच्या चुकलेल्या क्रमाने नेला. आम्ही आधी मोडलं आणि मग विचारलं. तुमच्या घरावर ही वेळ आली, तर क्रम उलटा ठेवा. त्यासाठी हे टिपण.

दाखल होतानाच विचारायचे तीन प्रश्न

१. तुमच्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत आहे का? आरोग्यमित्र कुठे बसतो?

२. हे धर्मादाय रुग्णालय आहे का? निर्धन रुग्णांसाठीची खाट रिकामी आहे का?

३. अंदाजे खर्च लेखी मिळेल का?

हे प्रश्न डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही. योजनेत उपचाराला आधी मंजुरी लागते. स्वतः पैसे भरून नंतर मागण्याची सोय नाही. रात्रीबेरात्री तातडीने दाखल व्हावं लागलं तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर देता येतात. म्हणून हातात एकही कागद नसला तरी तोंडाने सांगा : “आम्हाला योजनेतून उपचार हवेत.” योजनेचा मदत क्रमांक १५५३८८. तो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, तिचे पैसे पडत नाहीत.

कोण किती उचलतं

जन आरोग्य योजना : कुटुंबाला मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, रोख न भरता. किडनी प्रत्यारोपणासाठी मर्यादा ४.५ लाख. पूर्वी पिवळ्या आणि केशरी कार्डावर मिळायची, २०२४ पासून पांढऱ्या कार्डालाही मिळते. हृदयाच्या शस्त्रक्रिया, कॅन्सर, डायलिसिस यात येतात. मात्र रक्कम साऱ्या घराची मिळून आहे. एकाच वर्षात दोन-तीन आजारपणं आली तर किती शिल्लक आहे, हे आरोग्यमित्राला विचारत राहा.

सत्तरीपुढच्यांसाठी : आयुष्मान वय वंदना कार्ड, ऑक्टोबर २०२४ पासून. उत्पन्नाची अट नाही, आधारवर वय ७० पूर्ण हवं. आमच्या घरात सत्तरी ओलांडलेले अण्णा आहेत; त्यांचं कार्ड आम्ही ते धडधाकट असतानाच काढून ठेवलं.

सरकारी रुग्णालयं : १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत फी नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या विभागाकडे आहेत. तिथे माफक दर लागतात.

धर्मादाय रुग्णालयं : न्यासाच्या मोठ्या खासगी रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तातडीच्या रुग्णाला अनामतीसाठी अडवता येत नाही. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात तक्रार द्या.

मुख्यमंत्री सहायता निधी : वरचं काहीच लागू झालं नाही तर हा मार्ग. रुग्ण दाखल असतानाच अर्ज करायचा. मदत रुग्णालयाच्या खात्यात जाते.

पगारदारांनी हेही पाहा : घरात कुणी कारखान्यात किंवा दुकानात २१,००० रुपयांपर्यंत पगारावर असेल आणि पगारातून ईएसआयसीचे (कामगार राज्य विमा) ०.७५ टक्के कापले जात असतील, तर उपचार कुटुंबालाही मिळतात. शिवाय तो कामगार स्वतः आजारी पडला, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. पगारपत्रक नीट वाचा. कापलं जातंय आणि घरात माहीत नाही, अशी घरं मी पाहिली आहेत.

योजना जे उचलत नाही

दादाचं डायलिसिस योजनेतून होतं. बिल शून्य. तरीही पहिल्या चार महिन्यांत आम्ही कर्जात गेलो. पैसा कुठे जातो हे कुणाला कळेना, तेव्हा वहिनीने शाळेची एक जुनी वही घेतली आणि प्रत्येक फेरीचा खर्च लिहायला लागली. दादासाठी एसटीची सवलत आम्ही काढली होती. तरीही एका फेरीचं पान असं होतं :

वहिनीचं अर्धं तिकीट, जाऊन-येऊन : ८०
स्टँडपासून रिक्षा, दोन्ही वेळा : ६०
चहा, नाष्टा, जेवण : १२०
वहिनीचा बुडालेला रोज : ३५०
एकूण : ६१०

आठवड्याला दोन फेऱ्या, वर्षाला १०४. म्हणजे ६३,४४० रुपये. त्यात दर महिन्याची २,४०० रुपयांची औषधं धरली की ९२,२४०. सगळं ‘मोफत’ असताना.

देशाच्या हिशेबातही खिशातला खर्च दिसतो. २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चातले ६४.२ टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये ते ३९.४ टक्क्यांवर आले. सुधारणा खरी आहे, पण बुडालेला रोज धरायला ज्याची त्याची वहीच लागते.

वही समोर आली तेव्हा आम्ही एका संध्याकाळी सगळे बसलो आणि तीन बदल केले.

पहिला, सोबतीचा. दोनपैकी एका फेरीला अण्णा जायला लागले. त्यांना पंचाहत्तरी उलटलेली, एसटीत तिकीट नाही. वहिनीचा आठवड्याचा एक रोज वाचला. तिकीट धरून वर्षाचे २२,३६०.

दुसरा, डब्याचा. आई पहाटे भाकरी आणि डायलिसिसला चालेल अशी भाजी बांधून देते. बाहेर फक्त चहा. वर्षाचे १०,४००.

तिसरा, औषधांचा. डॉक्टरांना विचारून जी औषधं बदलता येत होती ती जनऔषधी केंद्रातून घेतली. २,४०० चे ९०० झाले. वर्षाचे १८,०००.

एकूण ५०,७६०. खर्च निम्म्याहून खाली आला. उपचारात काहीही कमी केलं नाही, हे अधोरेखित करून सांगते.

हे आकडे आमच्या घरचे. तुमचं अंतर आणि तुमचा रोज वेगळा असेल, पण वही हीच ठेवा : तारीख, भाडं, खाणं, औषध, बुडालेला रोज. शेवटचा रकाना बहुतेक घरं लिहीतच नाहीत आणि सगळ्यात मोठा तोच असतो.

प्रवास, मुक्काम, पोषण

डायलिसिस, सिकल सेल, हिमोफिलिया, कॅन्सर अशा रुग्णांना एसटीत सवलत आहे. हॉस्पिटलचं प्रमाणपत्र घेऊन आगारात विचारा. महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढे मोफत प्रवास सगळ्यांनाच आहे. कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेतही सवलत मिळते. मुंबईला टाटात किंवा केईएममध्ये जावं लागलं तर लॉज शोधण्याआधी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे चौकशी करा. जागा मिळेलच असं नाही, म्हणून निघण्यापूर्वी फोन करा.

घरात क्षयरोग असेल तर सरकारी औषधं मोफत आहेतच. शिवाय उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते). नोंद झाली आहे आणि बँक खातं जोडलं आहे, याची खात्री करून घ्या.

बिल हातात आल्यावर

तपशीलवार बिल मागा. ‘इतर’ या शब्दाखाली मोठी रक्कम असेल तर ती कशाची ते विचारा. हॉस्पिटलच्याच दुकानातून औषध घेतलं पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. केसचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवेत. बिल थकलं म्हणून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही. हे सगळं आवाज न चढवता, पण लेखी मागा. भाचीच्या डेंग्यूच्या वेळी आम्ही फक्त एवढंच म्हणालो : “बिलाची फोड करून द्या.” दोनदा लावलेली एक तपासणी काउंटरवरच वजा झाली.

कर्ज काढायचंच झालं तर

पहिली पायरी बचत गट किंवा पतसंस्था, दुसरी बँकेचं सोनेतारण. सोनं विकू नका, तारण ठेवा. विकलेलं पुन्हा होत नाही. पीएफ असेल तर आजारपणासाठी त्यातून रक्कम काढता येते.

सावकार शेवटी, आणि तोही परवानाधारक. ‘शेकडा पाच’ ऐकायला लहान वाटतं. १ लाखावर ते महिन्याला ५,००० आणि वर्षाला ६०,००० होतात, मुद्दल तशीच. परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज लावता येतं, म्हणजे १८,०००. जास्त मागणाऱ्याविरुद्ध किंवा परवाना नसलेल्याविरुद्ध सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. आजारपणात जमीन लिहून देण्याची वेळ आली, तर सही करण्यापूर्वी एक दिवस थांबा आणि घरातल्या सगळ्यांना विचारा.

कामं वाटून घ्या

एका माणसाने सगळं ओढलं की तोच पुढचा रुग्ण होतो. वहिनीचा रक्तदाब वाढल्यावर आम्हाला हे समजलं. आता वही वहिनीकडे, कागद माझ्याकडे, सोबत अण्णा आणि वहिनी आलटून-पालटून, डबा आईकडे. भाची औषधांच्या वेळा सांभाळते. दादापासून आकडे लपवायचे नाहीत, हेही ठरलं. पहिले काही महिने आम्ही लपवत होतो. तो आमचे चेहरे बघून खरा होता त्याहून मोठा आकडा मनात धरून बसला होता, आणि एकदा म्हणाला, “मी येत नाही आता, राहू दे.” त्या रात्री वहिनीने वही त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने सगळी पानं वाचली, बेरजा तपासल्या, एक चूक काढली. पुढच्या फेरीला तो न सांगता तयार होऊन बसला होता. तेव्हापासून बेरीज तोच करतो.

आज रात्री एवढं करा

जेवणं झाली की रेशन कार्ड आणि घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं सतरंजीवर मांडा. प्रत्येकाचं नाव दोन्हीकडे आहे का आणि स्पेलिंग सारखं आहे का, ते पाहा. दादाच्या आधारवर एक अक्षर वेगळं होतं. ते दुरुस्त होईपर्यंत दोन फेऱ्यांचे पैसे आम्ही खिशातून भरले. उत्पन्नाचा दाखला संपला असेल तर सेतू केंद्रात अर्ज करा. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स, जुने रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्डं एका फाइलमध्ये घाला. फाइल दाराजवळ ठेवा, अंधारातही हाताला लागेल अशी.